आभाळातला संसार

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी या वर्षी मला बोलायला सांगितले आणि विषयही माझा मीच निवडावा असे सुचवले. ‘अंतराळातली पहिली घरे’ असा विषय मी सांगितला, तेव्हा काहीजणींना हसू आले. ते साहजिकच आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु मुलांचा अभ्यास घेता घेता आणि दुपारच्या निवांत वेळी वाचनालयातली पुस्तके वाचता वाचता या विषयाची मला गोडी लागली. जसजशी वाचत गेले तसतसे वाटू लागले, की हा विषय तर आपल्याच घरातला आहे. आभाळात जाऊन यायला धाडस लागते, हे खरेच. पण तिथे मुक्काम करायचा म्हटले, की हवा, पाणी, जेवण, केरकचरा आणि डागडुजी यांच्याशीच गाठ पडते. ही कामे आपण जन्मभर करीत आलो आहोत. म्हणून दोन शब्द सांगायचे धाडस करते.

पहिला माणूस अंतराळात गेला तो १२ एप्रिल १९६१ रोजी. रशियाचा युरी गागारिन. पृथ्वीला एक फेरी घालून १०८ मिनिटांत तो परत आला. तेवढ्या वेळात आपला सकाळचा स्वयंपाकही धड आटपत नाही. पण साऱ्या जगाने तोंडात बोट घातले. पुढे दोन वर्षांनी, जून १९६३ मध्ये, व्हॅलेंतिना तेरेश्कोवा ही पहिली स्त्री वर गेली. ती कापडगिरणीत काम करणारी मुलगी होती. तिने जवळजवळ तीन दिवसांत ४८ फेऱ्या घातल्या. ज्यांच्या घरातली माणसे गिरणीत खपली आहेत, त्यांना हे ऐकून नक्कीच बरे वाटेल.

पण हे सारे जाणे आणि येणे झाले. तिथे राहणे म्हणता येणार नाही. एसटीत बसून रात्र काढली म्हणजे काही तिथे बिऱ्हाड झाले असे होत नाही. ज्या यानातून ही मंडळी गेली त्यात बसल्या जागी हात पाय लांब करायलाही जागा नव्हती.

आता एक शंका तुमच्या मनात आली असेल. एवढे मोठे घर आभाळात टांगायचे, तर ते खाली कसे पडत नाही? मलाही हा प्रश्न पुष्कळ दिवस पडला होता. उत्तर असे आहे, की ते सतत पडतच असते. दगड हळू फेकला तर जवळ पडतो, जोराने फेकला तर लांब पडतो. तोच दगड हवेच्या वर नेऊन सेकंदाला जवळजवळ आठ किलोमीटर इतक्या वेगाने फेकला, तर तो जितका खाली येतो तितकीच गोल पृथ्वीही त्याच्याखाली वाकत जाते. मग तो जमिनीला टेकतच नाही, फिरत राहतो. दीड तासात एक फेरी पुरी होते. म्हणजे आपल्या एका दिवसात वरच्या माणसाला सोळा वेळा सूर्योदय दिसतो. घर आणि माणूस दोघेही एकत्र पडत असल्यामुळे माणसाला वजन वाटत नाही, तो तरंगतो.

तरंगणे ऐकायला गंमतीचे वाटते, पण संसाराला फार अडचणीचे. आपल्या घरात गरम हवा वर जाते आणि थंड हवा खाली येते, म्हणून हवा आपोआप हलती राहते. तिथे वर आणि खाली हा भेदच नसल्यामुळे हवा जागच्या जागी थांबते. माणूस झोपला आणि पंखा बंद असला, तर त्याने सोडलेला श्वास त्याच्याच तोंडाभोवती साचतो आणि त्यातच त्याचा जीव घुसमटतो. म्हणून तिथे पंखे अखंड चालू ठेवावे लागतात. पाणी सांडले तर त्याचे गोळे होऊन घरभर हिंडतात. आणि पायांना भार नसल्यामुळे पायच दुबळे होतात. १९७० साली सोयुझ-९ या यानातून दोघे रशियन १८ दिवस राहून आले, तेव्हा त्यांना आपल्या पायांवर धड उभे राहता येईना. तेव्हापासून वरच्या लोकांना रोजचा व्यायाम सक्तीचा झाला.

‘घर पाहावे बांधून’ असे आपण म्हणतो, ते आभाळातल्या घरालाही लागू पडते. पहिले घर रशियाने १९ एप्रिल १९७१ रोजी वर पाठवले. त्याचे नाव ‘साल्युत-१’. साल्युत म्हणजे सलामी. गागारिनच्या उड्डाणाला दहा वर्षे झाली म्हणून. वजन साडेअठरा टनांच्या आसपास. हे घर रिकामेच वर गेले. राहणारी माणसे मागाहून दुसऱ्या यानातून जाऊन त्याला जोडली जायची होती. पहिले तिघे गेले, पण त्यांचे यान घराला नीट जोडलेच गेले नाही. दारापर्यंत जाऊन ते परत आले.

दुसऱ्या खेपेला जायचे होते ते तिघे वेगळेच. उड्डाणाला थोडे दिवस उरले असताना त्यांच्यापैकी एकाच्या फुप्फुसावर एक्स-रेमध्ये डाग दिसला, म्हणून तिघांनाही थांबवले आणि राखीव तुकडीतले तिघे पाठवले. त्यांची नावे दोब्रोवोल्स्की, वोल्कोव आणि पात्सायेव. ७ जून १९७१ रोजी ते त्या घरात शिरले. आभाळातल्या घरात राहायला गेलेली ही पहिली माणसे.

तेवीस दिवस ते राहिले. त्यांच्या देशात लोक रोज दूरदर्शनवर त्यांना पाहात. त्यांनी तिथे एका लहानशा पेटीत रोपे लावली होती, आणि पात्सायेव त्यांची निगा राखी. त्याचा अडतिसावा वाढदिवसही तिथेच साजरा झाला. अंतराळात झालेला हा पहिला वाढदिवस. एकदा घरात जळल्याचा वास आणि धूरही झाला. पण त्यांनी निभावून नेले, आणि लोकांना ते घरच्यासारखे वाटू लागले.

२९ जून रोजी ते परत निघाले. यानाचे भाग एकमेकांपासून सुटे होताना जो हिसका बसला, त्याने हवेची एक झडप उघडली गेली. ही झडप जमिनीजवळ आल्यावर उघडायची होती. ती १६८ किलोमीटर उंचीवर उघडली. आतली हवा निसटून गेली. तिघांना दाटीवाटीने बसवायचे म्हणून त्यांना हवाबंद पोशाख दिलेले नव्हते. पोशाख घातले असते तर तिघे मावलेच नसते. झडप हाताने बंद करायला जितका वेळ लागतो, तितकाही त्यांना मिळाला नाही. यान छत्रीच्या आधाराने अगदी बिनचूक, ठरल्याप्रमाणे जमिनीवर उतरले. बाहेर आनंदाने धावत गेलेल्या लोकांनी दार उघडले, तेव्हा तिघेही गेलेले होते.

भगिनींनो, हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. दूरदर्शनवर रोज ज्यांना हसताना पाहिले त्यांची वाट पाहणाऱ्या घरच्यांचे काय झाले असेल, ते आपण बायकांना निराळे सांगायला नको. त्या तिघांच्या अंत्ययात्रेत खांदा द्यायला अमेरिकेचा अंतराळवीर टॉम स्टॅफर्डही होता. त्या काळी ही दोन राष्ट्रे एकमेकांची हाडवैरी मानली जात.

त्यानंतर रशियाने नियम केला, की हवाबंद पोशाखाशिवाय कोणी जायचे नाही. त्यासाठी तिघांऐवजी दोघेच पाठवले तरी चालेल. पुढे कितीतरी वर्षे ते दोघेच पाठवीत होते. यान सुधारून तिसऱ्याला पोशाखासह जागा होण्यास १९८० साल उजाडले. जागा वाचवण्यासाठी जी गोष्ट गाळली होती, तिची किंमत तीन जीव देऊन कळली.

१९७३ साली अमेरिकेने आपले घर वर पाठवले, ‘स्कायलॅब’. हे फार मोठे होते, सुमारे पाऊणशे टनांचे. त्यात जेवायचे टेबल होते, अंघोळीची सोय होती, अन्न गार ठेवायची पेटी होती. पण १४ मे रोजी उडताना एका मिनिटातच त्याच्या अंगावरचे उन्हापासूनचे आच्छादन उपटून गेले. वीज देणारा एक पंख त्याच्याबरोबर गेला आणि दुसरा अडकून बसला. घराला छप्पर राहिले नाही आणि दिवाही धड राहिला नाही. आत ५० अंश सेल्सिअसच्या वर उष्णता झाली. अन्न खराब होण्याची भीती, आणि भिंतीतले सामान तापून विषारी वाफा निघण्याची भीती.

पाहुणे दुसऱ्याच दिवशी निघायचे होते. त्यांना दहा दिवस थांबवले आणि त्या दहा दिवसांत खाली काय चालले होते? छत्री शिवणे चालले होते! होय, शिवणेच. पातळ कापडाची, सुमारे बावीस फूट गुणिले चोवीस फुटांची छत्री करायची, ती मिटून एका लहानशा भोकातून बाहेर सारायची आणि बाहेर गेल्यावर उघडायची, अशी युक्ती निघाली. शिवणयंत्रावर बसून ती शिवणाऱ्यांत स्त्रिया होत्या. हजारो इंजिनियरांनी बांधलेले घर उन्हात भाजून निघत होते, आणि ते वाचायला शेवटी शिवणयंत्र आणि शिवणाऱ्या हातांची गरज पडली. आपल्या मंडळाच्या शिवणवर्गातल्या मुलींना मी ही गोष्ट मुद्दाम सांगत असते.

२५ मे रोजी तिघे वर गेले, त्यांनी ती छत्री उघडली आणि घर हळूहळू निवले. पुढे ७ जून रोजी दोघांनी बाहेर जाऊन कात्रीसारख्या लांब दांड्याच्या हत्याराने अडकलेला पंख सोडवला. मग वीज आली. त्या घरात एकामागून एक तीन बिऱ्हाडे राहिली: २८ दिवस, ५९ दिवस आणि ८४ दिवस.

पण स्कायलॅबचे एक व्यंग होते. जे काही लागणार ते सारे पहिल्याच दिवशी भरून दिलेले होते. रोजच्या पुरवठ्याची सोय नव्हती. साठा संपला की संसार संपला. रिकामे पडलेले ते घर हळूहळू खाली येत गेले, आणि ११ जुलै १९७९ रोजी हिंदी महासागरावर आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात त्याचे तुकडे पडले. आपल्याकडेही तेव्हा केवढी घबराट झाली होती! आमच्या सासूबाई सांगतात, की त्यांच्या गावात ‘आता सारे संपणारच’ म्हणून लोकांनी कोंबड्या कापून जेवणावळी घातल्या होत्या. स्कायलॅब काही आले नाही. दुसऱ्या दिवशी अंडी मात्र विकत आणावी लागली.

खरा टिकाऊ संसार सुरू झाला तो सप्टेंबर १९७७ मध्ये पाठवलेल्या साल्युत-६ मध्ये. त्यात नवे काय होते? दुसरे दार! पुढच्या दाराला राहणाऱ्यांचे यान, आणि मागच्या दाराला सामानाचे. जानेवारी १९७८ मध्ये ‘प्रोग्रेस’ नावाचे पहिले बिनमाणसाचे यान सामान घेऊन त्या मागच्या दाराशी आले. अन्न, पाणी, कपडे, इंधन, घरची पत्रे. एका खेपेला दोन टनांहून अधिक सामान. आणि सामान उतरवले, की त्याच यानात घरातला सारा केरकचरा भरायचा आणि ते सोडून द्यायचे. खाली येताना हवेच्या घर्षणाने ते कचऱ्यासकट जळून जाई. वाणसामान आणणारा आणि केर नेणारा एकच! आणि माणसांच्या श्वासाची जी वाफ घरात साठे, ती थंड करून तिचे पुन्हा पाणी करीत. पाणीटंचाई भोगलेल्या आपल्याला त्या पाण्याचे मोल सांगायला नको. या सोयींमुळे पहिल्याच बिऱ्हाडाने ९६ दिवस काढले, आणि १९८० साली दुसरे दोघे १८५ दिवस राहून आले.

त्यानंतरचे घर म्हणजे १९८२ सालचे साल्युत-७. याच्या तीन गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट स्वेतलाना सवित्स्काया हिची. ऑगस्ट १९८२ मध्ये ती या घरात गेली. तेरेश्कोवानंतर तब्बल एकोणीस वर्षांनी वर गेलेली ही दुसरी स्त्री. ती नावाजलेली वैमानिक होती. तिचे स्वागत तिथल्या पुरुषमंडळींनी कसे केले म्हणाल? पुढे एक ॲप्रन धरला, स्वयंपाकघर तुझे म्हणून! थट्टाच होती, पण अशी थट्टा कोणत्या पुरुष पाहुण्याची कोणी केली नव्हती. दोन वर्षांनी ती पुन्हा गेली, आणि २५ जुलै १९८४ रोजी घराबाहेर पाऊल टाकणारी जगातली पहिली स्त्री ठरली. साडेतीन तासांहून अधिक वेळ ती बाहेर होती, आणि तिथे तिने धातू कापण्याचे व जोडण्याचे काम केले. ॲप्रनला याहून चांगले उत्तर काय द्यायचे?

दुसरी गोष्ट आपल्या अभिमानाची. ३ एप्रिल १९८४ रोजी आपले राकेश शर्मा दोघा रशियनांबरोबर याच घरी पाहुणे म्हणून गेले आणि आठवडाभर राहिले. त्यांनी तिथे योगासनांचा प्रयोग केला, भारताची छायाचित्रे घेतली. वरून भारत कसा दिसतो या इंदिराबाईंच्या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर तर साऱ्यांना पाठ आहे. मला मात्र त्यांचा डबा आठवतो. म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने त्यांच्याबरोबर सुजीचा हलवा, आलू-छोले आणि पुलाव दिला होता. पाहुणा रिकाम्या हाताने गेला नाही, हे आपल्या रीतीला धरूनच झाले.

तिसरी गोष्ट मला साऱ्यांत मोठी वाटते. फेब्रुवारी १९८५ मध्ये हे घर रिकामे असताना त्यातली वीज गेली. जमिनीवरून हाक दिली तर उत्तर येईना. ६ जून रोजी जानिबेकोव आणि सविनिख हे दोघे ते घर वाचवायला निघाले. घर निश्चेष्ट पडलेले, त्यामुळे यान हाताने चालवूनच त्याला जोडावे लागले. आत काळोख आणि गोठवणारी थंडी. भिंतींवर हिम, पाण्याचा साठा गोठलेला. थुंकी टाकली तर तीही गोठली. दोघांनी लोकरी टोप्या आणि हातमोजे घालून काम आरंभले. पंखे बंद, म्हणून स्वतःचाच श्वास तोंडाभोवती साचे आणि डोके दुखू लागे. बरोबरचे पाणी थोडे, ते मोजून प्यायचे.

त्यांनी आपले यान फिरवून घराचे पंख उन्हाकडे वळवले आणि आठांपैकी ज्या सहा बॅटऱ्या कामाच्या राहिल्या होत्या, त्या भारून घेतल्या. दिवे लागले. मग घर तापू लागले, तसे हिम वितळून जिकडे तिकडे पाणीच पाणी झाले. ते तारांत शिरले तर पुन्हा घात. म्हणून या दोघांनी मिळतील त्या चिंध्या घेऊन सारे घर कोपऱ्याकोपऱ्यातून पुसून काढले. इतके शिकलेले, इतके कसलेले पुरुष दिवसचे दिवस पुसणे-वाळवणे करीत होते, आणि ते नीट केले म्हणूनच घर जगले. एवढा अनर्थ कशाने झाला होता? बॅटऱ्या भरल्या की नाही हे सांगणारा एक लहानसा भाग बिघडला होता. न भरलेल्या बॅटऱ्या भरल्या आहेत असे तो सांगत राहिला, म्हणून त्या भारणेच बंद पडले.

पुढे फेब्रुवारी १९८६ मध्ये ‘मीर’ वर गेले. त्याला एकामागून एक खोल्या जोडता येत. ते २००१ पर्यंत टिकले. एका डॉक्टरने तिथे सलग ४३७ दिवस काढले. नंतर पुष्कळ राष्ट्रांनी मिळून मोठे अंतराळ स्थानक बांधले, आणि नोव्हेंबर २००० पासून तिथे माणसांची वस्ती अखंड आहे. २०२५ साली आपला शुभांशु शुक्ला तिथे राहून आला, आणि जाताना गाजराचा आणि मुगाचा हलवा, शिवाय आमरस घेऊन गेला.

भगिनींनो, आता आवरते घेते. या साऱ्या वाचनातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे. घर वर पोचवायला काही मिनिटे लागतात. ते राखायला रोज कोणीतरी खपावे लागते. झडपेची काळजी, पाण्याचा हिशेब, कचऱ्याची वाट, ओल पुसणे, बिघडलेले वेळीच ओळखणे. वर हीच कामे करणाऱ्यांना अंतराळवीर म्हणतात, आणि ते योग्यच आहे. त्यांचा जीव त्यावर टांगलेला असतो. खाली तीच कामे करणारीला कोणी विचारले, ‘तुम्ही काय करता?’ तर ती म्हणते, ‘काही नाही, घरीच असते.’ कागदावर व्यवसायाचा रकाना असतो, तिथेही आपण रेघ मारतो. माझी एवढीच विनंती आहे, की यापुढे आपल्यापैकी कोणी ‘काही नाही’ म्हणू नये, आणि आपल्या लेकी-सुनांनाही म्हणू देऊ नये. मुलींनी आभाळात जावे, त्यांना जरूर जाऊ द्या. आणि मुलांच्या हातीही फडके द्या. वर गेल्यावर ते दोघांनाही लागणारच आहे.